तालीम झालेला कान आणि मेंदू : पार्श्वभूमी

धून ओळखणे हे उजव्या मेंदूचे काम, असे 1960च्या दशकात मानले जाई. 1974 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाने त्याला छेद दिला. संगीत शिकलेल्यांना धून उजव्या कानाने, म्हणजे (कानातला आवाज मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे जात असल्याने) डाव्या मेंदूच्या बळावर, अधिक नेमकी ओळखता आली. 1998 मध्ये मेंदूच्या चुंबकीय मापनातून आणखी पुढचे दिसले : पियानोच्या स्वरांना वादकांच्या मेंदूचा प्रतिसाद इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के मोठा होता, आणि शिक्षण जितक्या लहानपणी सुरू झालेले, तितका तो अधिक. हा आकडा खूप गाजला. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात पियानोच्या बाबतीत हा फरक सापडला नाही, त्याची मात्र फारशी वाच्यता झाली नाही.

वादाचे मूळ यंत्रात कमी आणि माणसांच्या निवडीत जास्त आहे. असे प्रयोग करताना आधी ‘प्रशिक्षित’ आणि ‘अप्रशिक्षित’ असे दोन गट पाडतात, आणि कसोटी बहुतेकदा एकच असते : रीतसर शिकवणीची वर्षे. ही कसोटी गोव्याला लावून पाहावी. फोंड्याकडच्या एखाद्याचे बालपण देवळातल्या पालखीत, भजनी सप्ताहात आणि चवथीच्या घुमट (मातीचे चर्मवाद्य) आरतीत गेलेले असते. पखवाजाचा ठेका चुकला तर त्याची मान आपसूक वळते. पण तो कुठल्या क्लासला गेलेला नाही, म्हणून त्याची रवानगी दुसऱ्या गटात. पणजीत चार-पाच वर्षे कीबोर्ड शिकून सोडून दिलेला मात्र पहिल्या गटात बसू शकतो. (चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्यांचे नशीब बरे, ते कसोटीत सहज बसतात.) असे ‘अप्रशिक्षित’ तुलनेला घेतले, तर फरक तालमीचा की घरच्या वातावरणाचा, हे कोण सांगणार? संशोधकांनाही ही अडचण जाणवत होतीच. 2014 मध्ये आलेल्या एका प्रश्नावलीत शिकवणीखेरीज ऐकण्याची जाण, गाण्याची क्षमता आणि संगीतात रमणे यांनाही गुण मिळाले.

दरम्यान 2007 पासून दावा मेंदूच्या खालच्या टोकाला, मस्तिष्कस्तंभापर्यंत, पोहोचला होता : वादकांचा मस्तिष्कस्तंभ परक्या भाषेतले स्वरांचे चढउतारही जास्त अचूक टिपतो. गाण्याच्या क्लासच्या जाहिरातींना आयता मजकूर मिळाला. 2025 मध्ये सहा प्रयोगशाळांनी मिळून अडीचशेहून अधिक जणांवर पडताळणी केली, तेव्हा आवाजावरच्या या अगदी सुरुवातीच्या प्रक्रियेचा आणि संगीतशिक्षणाचा संबंध आढळला नाही. मेंदूच्या वरच्या स्तरांबद्दलचे निष्कर्ष त्याने रद्द होत नाहीत.