शाईने पेन बिघडतं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘अमुक शाई पेनाला वाईट’ असं एकदा ठरलं की ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत राहतं. ते कोणत्या पेनाबद्दल आणि कोणत्या काळात म्हटलं गेलं होतं, हे मात्र मागे पडतं. माझ्या मते या वादातला सगळा घोळ तिथेच आहे. शाई पेनातल्या कोणत्या धातूला, रबराला किंवा प्लास्टिकला जाऊन लागते, हे पाहिल्याशिवाय तिला चांगली किंवा वाईट म्हणता येत नाही. पेनं ज्यांची बनतात ते पदार्थ गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. प्रत्येक बदलासोबत आधीची निरुपद्रवी शाई त्रास देऊ लागली किंवा आधीची त्रासदायक शाई बिनधोक झाली.

सुरुवात फाउंटन पेनाच्या बरीच आधी होते. युरोपात कित्येक शतकं लिहिलं गेलं ते प्रामुख्याने मायफळाच्या शाईने. एक बारीक कीटक ओकच्या झाडावर अंडी घालतो आणि तिथे गाठी धरतात, तीच ही मायफळं. त्यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य, हिराकस म्हणजे लोहाचा क्षार आणि थोडा डिंक पाण्यात एकत्र केला की फिकट रंगाचा द्रव तयार होतो. कागदावर उतरल्यावर त्यातल्या लोहाला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पाण्यात न विरघळणारं काळंभोर संयुग कागदाच्या तंतूंमध्ये घट्ट बसतं. ते धुऊन जात नाही आणि सहज खोडताही येत नाही. करारमदार, नोंदवह्या, दस्तऐवज या शाईत लिहिले गेले ते याच गुणामुळे.

पण हीच क्रिया दौतीत सुरू झाली तर तळाशी साका बसतो. ती रोखून धरायची तर शाई आम्लधर्मी ठेवावी लागते. आम्ल कमी पडलं तर शाई दौतीतच नासते, वाढलं तर धातू खाते. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिण्याच्या शाईचं जे प्रमाणसूत्र दिलं, त्यात एका लिटरला १५ ग्रॅम हिराकस आणि सोबत १२.५ ग्रॅम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. बुरशी धरू नये म्हणून १ ग्रॅम कार्बोलिक आम्लही होतं. आम्ल त्यात चुकून पडलेलं नव्हतं, त्याच्याशिवाय ही शाई टिकतच नाही.

पिसाच्या लेखणीला या आम्लाची फिकीर नव्हती. तिचं टोक तसंही थोड्या पानांत झिजायचं आणि चाकूने पुन्हा तासून घ्यावं लागायचं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅममध्ये जोसेफ जिलॉट, जोसाया मेसन यांच्यासारख्या कारखानदारांनी यंत्रावर पोलादी निबा काढायला सुरुवात केली आणि टाक घरोघरी पोहोचला. साधं पोलाद आणि मायफळाची शाई यांचं अजिबात जमेना. निबा गंजायच्या, त्यांची टोकं खडबडीत व्हायची. निब स्वस्त होती, म्हणून ती फेकून दुसरी लावली जाई आणि भागत असे. तरी रसायनशास्त्रज्ञांना ही अडचण जाणवली होती. फ्रीडलिब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकाच्या अखेरीस लॉगवुड या झाडाच्या लाकडाच्या अर्कात पोटॅशियम क्रोमेट घालून काळी शाई केली. ती स्वस्त होती आणि पोलादी निबेला खात नव्हती. मात्र दौतीत ती अधूनमधून गोठून दह्यासारखी व्हायची. पोलाद जपणारी शाई हवी म्हणून मुद्दाम केलेले प्रयत्न इतके जुने आहेत.

पुढे १८५६ साली विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचं युग उघडलं. असा रंग पाण्यात विरघळवला की शाई तयार. तिला लोह लागत नाही, फारसं आम्लही लागत नाही, साकाही जवळजवळ बसत नाही. ती धुऊन जाते आणि उन्हात फिकी पडते, हा तिचा दोष. पण आज बाटलीत मिळणाऱ्या बहुतेक शाया याच कुळातल्या आहेत आणि पेनाला सगळ्यांत कमी त्रास याच देतात.

फाउंटन पेनाची कल्पना त्याआधीची. पेत्राके पोएनारू या रुमानियन संशोधकाने १८२७ मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं होतं. भरवशाने चालणारं पेन मात्र १८८४ मध्ये लुइस वॉटरमनच्या पेटंटनंतर बाजारात रुळलं. निबेखालच्या जिभेत बारीक खाचा पाडून शाई खाली आणि हवा वर जाऊ देण्याची त्याची युक्ती होती. या पेनांची घडण पाहिली की शाईचा धाक किती होता ते कळतं. दांडी आणि जीभ इबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, कारण त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही. निब १४ कॅरट सोन्याची, कारण सोनं गंजत नाही. सोनं मऊ असल्यामुळे टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा मणी. सोन्याची निब ऐटीसाठी आली असं अनेकांना वाटतं. ऐट नंतर चिकटली, आधी ती मायफळाच्या शाईवरचा उपाय होती. ड्रॉपरने भरायच्या त्या पेनात शाईला धातू म्हणून भेटायचं ते फक्त सोनंच. त्यामुळे आम्लधर्मी शाई त्यात वर्षानुवर्षं सुखाने नांदली.

हे चित्र पेनाला शाई ओढून घेण्याची सोय झाली तेव्हा बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनाच्या पोटात रबराची पिशवी आली, आणि तिला दाबणारी पोलादी पट्टी. १९०८ मध्ये वॉल्टर शेफरने बाजूच्या खटक्याने पिशवी दाबायच्या रचनेचं पेटंट घेतलं. आता शाईचा मुक्काम नरम रबरात होता आणि पिशवी झिरपली की पट्टी गंजायची. पाठोपाठ १९२४ पासून शेफरने आणि मग इतरांनी इबोनाइट सोडून सेल्युलॉइड हे रंगीबेरंगी प्लास्टिक घेतलं. सेल्युलॉइड देखणं खरं, पण शाईचा रंग ते धरून ठेवतं आणि तीव्र अल्कली त्याला सोसत नाही.

इथे शाईवर एक अन्यायही झाला. जुन्या सेल्युलॉइड पेनांची दांडी नेमकी पिशवीच्या भागात काळपट-तपकिरी पडलेली दिसते आणि ‘शाईने पेन नासलं’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा हे काम रबराचं असतं. जुनं होत चाललेलं रबर गंधकाचे वायू सोडतं आणि बंद दांडीत कोंडलेले ते वायू सेल्युलॉइडचा रंग बदलतात. शाई पिशवीच्या आत होती, दांडीपर्यंत ती पोहोचलेलीही नव्हती.

पेन करणाऱ्या कंपन्या याच सुमारास शाईच्या धंद्यात उतरल्या. शेफरची ‘स्क्रिप’ १९२२ मध्ये आली, पार्करची ‘क्विंक’ १९३१ मध्ये. क्विंकच्या जाहिरातीत ‘सॉल्व्ह-एक्स’ नावाच्या घटकाचा गाजावाजा असे: लिहिता लिहिता ही शाई पेन साफ करते, असा दावा होता. दुसऱ्याची शाई वापराल तर पेन बिघडेल, ही भीती सर्वसामान्यांच्या मनात रुजली त्यात या जाहिरातींचा मोठा हात आहे असं मला वाटतं. भीती अगदीच निराधार नव्हती, पण ती पसरवणाऱ्याला स्वतःची बाटली विकायची होती हेही विसरू नये.

गंमत अशी की पेनाला खऱ्या अर्थाने घातक ठरू शकणारी एक शाई पार्करनेच बाजारात आणली. टिपकागदाची गरज उरू नये अशी झटपट वाळणारी शाई कंपनीला हवी होती. त्यासाठी शाई तीव्र अल्कलीयुक्त केली. अशी शाई कागदाच्या पृष्ठभागावर बाष्प होऊन वाळण्याची वाट पाहत नाही, कागदावरचं खळीचं आवरण भेदून थेट आत शिरते. पण तीच अल्कली सेल्युलॉइडला आणि रबराला सोसवेना. मग त्या शाईसाठी वेगळं पेन घडवलं गेलं: १९४१ मध्ये आलेलं ‘पार्कर ५१’. त्याची दांडी ल्युसाइट या ॲक्रिलिक प्लास्टिकची, जे या शाईला दाद देत नाही. निब कवचाखाली झाकलेली, म्हणजे शाई टोकावर वाळू नये. ‘५१’ शाईच्या बाटलीवर इतर पेनांत ती वापरू नये अशी सूचना असे. १९४७ मध्ये तिची जागा ‘सुपरक्रोम’ने घेतली, स्वभाव मात्र तसाच जहाल राहिला. १९४८ पासून या पेनात रबराऐवजी ‘प्लाय-ग्लास’ नावाची प्लास्टिकची पारदर्शक पिशवी आली. त्यांतल्या पुष्कळ पिशव्या सत्तरहून अधिक वर्षांनंतर आजही लवचिक आहेत. सुपरक्रोम पुढे बाजारातून गेली. लोकांनी ती बाटलीवरची सूचना न वाचता साध्या पेनांत भरली असणार, यात नवल नाही. शाईच्या वादात पार्कर ५१ची कहाणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. एकाच कंपनीची, एकाच काळातली शाई एका पेनाला उत्तम आणि शेजारच्या पेनाला विष होती.

युरोपात वेगळी पंचाईत झाली. १९३८ मध्ये जर्मनीत निबांसाठी सोनं वापरण्यावर बंदी आली आणि पेलिकनसारख्या कंपन्यांना पोलादाकडे वळावं लागलं. तोपर्यंत गंजरोधक पोलाद उपलब्ध झालं होतं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली दुरवस्था परतली नाही. तरीही गंजरोधक पोलाद म्हणजे सोनं नव्हे. निबेला सोन्याचा मुलामा असेल आणि टोकाकडच्या चिरेच्या कडेला तो उडाला असेल, तर आम्लधर्मी शाई तिथूनच काम सुरू करते. मुलाम्याच्या निबेत मायफळाची शाई दोन-दोन महिने कोंडून ठेवू नये, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

मायफळाची शाई संपलेली नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी दीर्घकाळ ‘रजिस्ट्रार्स इंक’ या मायफळाच्या शाईने होत आल्या, तिथल्या विवाहनोंदी २०२१ मध्ये संगणकावर गेल्या. जर्मनीची रोरर अँड क्लिंग्नर आजही ‘सालिक्स’ आणि ‘स्काबिओसा’ विकते. जपानच्या प्लॅटिनमने २०१७ मध्ये सहा रंगांची ‘क्लासिक इंक’ मालिका याच पद्धतीने काढली. आताच्या या शायांत लोह आणि आम्ल जुन्या दस्तऐवजी शाईपेक्षा पुष्कळ कमी असतं. पण त्यांची बदनामी अजून जुन्याच सूत्रावर चालते, हे मला खटकतं.

याउलट इंडिया इंक, म्हणजे काजळी आणि लाख घातलेली चित्रकारांची काळी शाई, तिच्याबाबत पूर्वीची ताकीद आजही शब्दशः खरी आहे. लाख वाळली की जिभेच्या खाचांत ती पक्की बसते आणि पाण्याने निघत नाही. टाकाने लिहायला ती उत्तम आहे, फाउंटन पेनात घालू नये. प्लॅटिनमची ‘कार्बन इंक’ आणि सेलरची ‘किवागुरो’ याही काजळीच्या शाया, पण कण अतिसूक्ष्म आणि लाख नाही. त्या पेनात चालतात, मात्र पेन वाळू देता कामा नये. प्लॅटिनमने २०११ मध्ये ‘३७७६ सेंच्युरी’ या पेनाला टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसणारं दुसरं झाकण दिलं आणि न वापरताही शाई दोन वर्षं वाळत नाही असं सांगितलं. हट्टी शायांची भीती त्यामुळे बरीच कमी झाली.

डाग हा आणखी निराळा प्रकार. अमेरिकेच्या नूडलर्सची ‘बे स्टेट ब्लू’ ही अल्कलीयुक्त, लखलखीत निळी शाई प्लास्टिकवर जो डाग पाडते तो पाण्याने हटत नाही, आणि ती इतर शायांत मिसळू नये असं सांगितलं जातं. आम्लधर्मी आणि अल्कलीयुक्त शाया एकत्र आल्या की रंग फुटून साका बनू शकतो. म्हणून शाई बदलताना पेन धुवायचं. डागाने पारदर्शक पेनाचं रूप जातं, लेखन अडत नाही. गंजाने निब कायमची जाते. कोंडलेलं पेन कोमट पाण्याने बहुधा पुन्हा चालू होतं. या तिन्हींना सरसकट ‘पेन खराब झालं’ म्हटलं की कोणती शाई टाळायची हे कधीच ठरत नाही.

पाणीही सगळ्या पेनांना चालतं असं नाही. दुधातल्या केसिनपासून केलेल्या जुन्या पेनांची दांडी पाण्यात भिजवली की फुगते आणि तडकते. इबोनाइट पाण्यात राहिलं तर त्याचा काळा रंग उतरून तपकिरी होतो. म्हणून जुनं पेन दुरुस्त करणारा माणूस शाईचं नाव विचारण्याआधी दांडी कशाची आहे ते पाहतो, पिशवी रबराची की प्लास्टिकची ते तपासतो आणि निबेवरचा शिक्का वाचतो.