मुहूर्ताचं सिझेरियन आणि बाळाच्या फुप्फुसातलं पाणी

पंचांग उघडून सिझेरियनची वेळ मागणारी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. गुरू-शुक्र अनुकूल असतीलही, पण बाळाची फुप्फुसं त्या दिवशी तयार असतीलच असं नाही.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात. पूर्ण दिवसांच्या बाळात किलोमागे साधारण २० ते ३० मिलि. हे गिळलेलं गर्भजल नव्हे. फुप्फुसाच्याच पेशी वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, क्लोराइड सोडतात, त्यामागे सोडियम आणि पाणी येतं. जन्मताना ही उलाढाल उलटी फिरावी लागते. योनिमार्गात छाती दाबली जाऊन पाणी निघतं असं सांगतात, पण तो वाटा लहान. मोठं काम कळांमध्ये होतं. कळेसरशी डोकं दाबलं जातं, ऑक्सिजन किंचित कमी पडतो आणि बाळाच्या स्वतःच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथी ॲड्रिनलिन हे संप्रेरक सोडतात. ते फुप्फुसाच्या पेशीवरच्या बीटा-ग्राहींना (त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटलं की आत सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि वायुकोशाकडचे सोडियमचे दरवाजे उघडतात. आत आलेलं सोडियम मागच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप बाहेर ढकलतो, पाणी त्याच्या मागोमाग जातं, पुढे रक्त आणि लसीका ते वाहून नेतात.

कळा सुरूच झाल्या नाहीत तर हे बरंचसं राहून जातं. मग बाळ मिनिटाला ६०हून जास्त श्वास घेतं, कण्हतं, नाकपुड्या फुलवतं. बहुधा २४ ते ७२ तासांत निवळतं, पण तोवर मुक्काम अतिदक्षता कक्षात. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांच्या ठरवून केलेल्या सिझेरियनचा अमेरिकी अभ्यास २००९ मध्ये आला; ३९व्या आठवड्याच्या तुलनेत ३७व्या आठवड्यातल्या बाळांना गुंतागुंतीचा धोका सुमारे दुप्पट होता. म्हणून वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. नाळ खाली घसरली, वार मार्गात आडवी आली, तर अर्थातच आठवडे मोजत बसत नाहीत.

मग वेदना सोसायलाच हव्यात का? नाही. ॲड्रिनलिन बाळाचं, वेदना आईची. एपिड्युरलमध्ये, म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक नळीवाटे, ०.१ टक्का किंवा त्याहून पातळ ब्युपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध, सोबत थोडं फेन्टानिल हे वेदनाशामक देतात. वेदना बोथट होते, गर्भाशय आकुंचन पावतच राहतं. लक्ष ठेवायचं ते रक्तदाबावर. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात, दाब उतरतो आणि वारेकडचं रक्त घटतं. तेव्हा आईला डाव्या कुशीवर वळवतात, सलाइन आणि गरज पडल्यास दाब वाढवणारं फेनिलेफ्रिन देतात. पेथिडीन या वेदनाशामकाच्या इंजेक्शनाचं गणित वेगळं: ते वार ओलांडतं आणि इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत जन्मलेलं बाळ सुस्त श्वास घेऊ शकतं, त्यामुळे अशा बाळंतपणात अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देणारी पिशवी) हाताशी असावी लागते.