हिंदूरावांची कोठी आणि सिरमूर पलटण

आपल्याकडे ‘गुरखा’ म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत गल्लीतून फिरणारा राखणदार. पलटणीतल्या गुरख्याबद्दल ऐकलेलं असतं ते खुकरी आणि शौर्य, बस्स. त्यामागचा दोनशे वर्षांचा इतिहास धुंडाळायचा तर एकच पलटण धरून चालणं बरं. मी सिरमूर पलटण धरतो. कारण तिची वाट एका मराठी माणसाच्या घरावरून जाते.

सुरुवात 1814 च्या इंग्रज-नेपाळ युद्धाची. तेव्हा कुमाऊं, गढवाल आणि पलीकडे सतलजपर्यंतचा डोंगरी मुलूख गोरखा राज्याच्या ताब्यात होता. देहरादूनजवळ नालापानीच्या टेकडीवर खलंगाचा किल्ला होता, तिथे बलभद्र कुंवर सुमारे सहाशे माणसांनिशी उभा राहिला. 31 ऑक्टोबरला खुद्द जनरल गिलेस्पी किल्ल्याच्या तटाखाली ठार झाला. इंग्रजांनी शेवटी किल्ल्याचं पाणी तोडलं. नोव्हेंबर सरता सरता उरलेली सत्तरेक माणसं किल्ला सोडून निघून गेली. देहरादूनला आजही दोन स्तंभ शेजारीशेजारी उभे आहेत: एक गिलेस्पी आणि त्याच्या माणसांचा, दुसरा बलभद्र आणि त्याच्या गोरख्यांचा. जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी उभारलेला असा स्तंभ फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

पुढच्याच वर्षी, युद्ध पुरतं मिटण्याआधी, इंग्रजांनी याच शत्रूच्या शिपायांची भरती सुरू केली. या युद्धातला इंग्रज सेनानी ऑक्टरलोनी आणि त्याच्या जोडीचा राजकीय अधिकारी विल्यम फ्रेझर यांनी ती कल्पना पुढे रेटली. 1815 मध्ये सुबाथूला नासिरी पलटणी उभ्या राहिल्या आणि सिरमूर संस्थानातल्या नाहनला फ्रेडरिक यंगने सिरमूर पलटण उभी केली. विल्यम फ्रेझर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

कागदपत्रं चाळणाऱ्याची इथेच फसगत होते. या पहिल्या भरतीत कुमाऊंनी आणि गढवाली माणसंही होती. ‘गोरखा’ हे मुळात एका गावाचं आणि त्या राज्याचं नाव, जातीचं नव्हे. मगर आणि गुरुंग तरुणांनाच निवडून घेण्याचा कटाक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘सिरमूर’ नावाचाही असाच घोळ. सिरमूर संस्थानचे स्वतःचे सॅपर्स, म्हणजे खंदक-पूल बांधणारे शिपाई, होते, ते 1916 मध्ये मेसोपोटेमियात कुतला तुर्कांच्या कैदेत पडले. त्यांचा या पलटणीशी संबंध नाही. आणि सत्तावनच्या उठावातल्या लखनौच्या लढाईतले गुरखे म्हणजे बव्हंशी नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर याने आणलेली नेपाळ दरबारची फौज, कंपनीची पलटण नव्हे.

सिरमूर पलटण 1826 मध्ये भरतपूरच्या किल्ल्यावर लढली, 1846 मध्ये शिखांविरुद्ध अलिवाल आणि सोब्राँव इथे. पण तिचं नाव झालं ते सत्तावन साली दिल्लीत.

दिल्लीच्या उत्तरेला डोंगराची एक बुटकी रांग आहे, ‘रिज’ म्हणतात तिला. तिच्या दक्षिण टोकाला, शहराच्या सर्वांत जवळ, एक मोठी कोठी होती. बांधली होती विल्यम फ्रेझरने, गुरखा भरतीत पुढाकार घेतलेल्या त्याच माणसाने. 1835 मध्ये दिल्लीत त्याचा खून झाला आणि पुढे ती कोठी हिंदूरावांनी घेतली. हिंदूराव म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंचे बंधू. बायजाबाईंना 1833 मध्ये ग्वाल्हेर सोडावं लागलं, त्यानंतर हिंदूराव दिल्लीत स्थायिक झाले आणि उठावाआधीच वारले. कोठीला मात्र त्यांचंच नाव राहिलं.

उठावात शहर बंडवाल्या शिपायांच्या हाती गेलं आणि इंग्रज फौज रिजवर तळ देऊन बसली. जून 1857 पासून इंग्रजांनी 14 सप्टेंबरला शहरावर केलेल्या हल्ल्यापर्यंत मेजर चार्ल्स रीडच्या हाताखाली सिरमूर पलटणीने ही कोठी धरून ठेवली. सोबत 60 व्या रायफल्सचे गोरे शिपाई होते. पलटणीतल्या 490 जणांपैकी 327 मेले किंवा जखमी झाले आणि नऊ गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी आठ. उठावातल्या शिपायांकडून पाहिलं तर याच कोठीने त्यांची वाट अडवली. हे मराठी वाचकाच्या मनाला बोचणारच, आणि ते बोचणं मला रास्त वाटतं. पण त्या 327 जणांकडेही तितक्याच आस्थेने पाहायला हवं. रीडचं नाव प्रत्येक वृत्तान्तात येतं. शिपायांची मात्र तिथे फक्त संख्या उरते.

दिल्लीच्या कामगिरीबद्दल पलटणीला एक जादा निशाण बहाल झालं. पुढे ती रायफल पलटण ठरली आणि रायफल पलटणी निशाण बाळगत नाहीत. म्हणून 1863 मध्ये त्याच्या जागी राणीच्या नावाचा एक दंड आला: टोकाला चांदीचा मुकुट आणि तो तोलून धरणारे तीन गुरखे. नवा शिपाई त्याला हात लावून शपथ घेऊ लागला. आधी 1861 मध्ये पलटणीला सेकंड गुरखा हा क्रमांक मिळालेला होता. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स, मग किंग एडवर्ड अशी राजघराण्यातली नावं जोडली गेली, ‘सिरमूर’ मात्र टिकलं. दुसऱ्या महायुद्धात दुसरी बटालियन 1942 मध्ये सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत गेली. पहिल्या बटालियनच्या सुभेदार लालबहादूर थापांना ट्युनिसियात वादी अकारितच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

1947 मध्ये दहा गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी, नववी भारताकडे, आणि दुसरी, सहावी, सातवी, दहावी ब्रिटनकडे. सिरमूर पलटण अशी ब्रिटनच्या वाट्याला गेली. म्हणून तिच्याबद्दलचे कागद शोधताना दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराबरोबर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर आणि विंचेस्टरचं गुरखा संग्रहालयही पाहावं लागतं. 1994 मध्ये चारही रेजिमेंटा मिळून रॉयल गुरखा रायफल्स झाली. दंड त्यांच्याकडे गेला, शपथही चालू राहिली.

आणि दिल्लीतली ती जागा? तिथे आता मोठं सरकारी रुग्णालय आहे. रिक्षावाल्याला फक्त ‘हिंदूराव’ एवढंच सांगितलं की तो बरोबर तिथे नेऊन सोडतो.