चायनाटाउनमधली मारीअम्मा

सिंगापूरच्या चायनाटाउन मेट्रो स्टेशनातून वर आलं की आपण पॅगोडा स्ट्रीटवर येतो. दुतर्फा कंदील, पंखे, आठवण म्हणून न्यायच्या वस्तूंची दुकानं. गल्ली संपते तिथे साउथ ब्रिज रोडच्या कोपऱ्यावर देवदेवतांनी खच्चून भरलेलं दाक्षिणात्य गोपुर उभं राहतं आणि आवाराच्या भिंतीवर निवांत बसलेल्या गाई दिसतात. ‘पॅगोडा’ म्हणजे हेच गोपुर. गल्लीला नाव मिळालं ते त्याच्यावरून. पलीकडची टेम्पल स्ट्रीट याच देवळाची. अलीकडची मॉस्क स्ट्रीट मात्र शेजारच्या जामे मशिदीची. तीही तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमानांनी देवळाच्या आगेमागेच बांधली. लिटल इंडिया ही भारतीयांची वस्ती इथून तीनचार किलोमीटरवर असताना श्री मारीअम्मन हे सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ चिनी वस्तीत काय करतंय, हा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेकांना पडतो.

उत्तरासाठी 1819 सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी मे महिन्यात सिंगापूरची वसाहत स्थापणारा कंपनी सरकारचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स तिथे दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्या ‘इंडियाना’ जहाजावर पेनांगहून निघालेला नारायण पिल्ले नावाचा तमिळ कारकून होता. नव्या वसाहतीत घरं बांधायची तर विटा लागणार, हे त्यानं ओळखलं आणि तंजोंग पगारला वीटभट्टी टाकली. पुढे कापडाचा धंदाही सुरू केला. 1822 मध्ये दुकान आगीत खाक झालं, तरी रॅफल्सच्या मदतीनं तो पुन्हा उभा राहिला. कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेल्या लोकांचा पुढारी म्हणून त्याला मान होता, त्यांचे तंटेही तोच मिटवी. अशा माणसाकडे देवळाचं काम येणारच.

अडचण जागेची होती. आधी तेलुक आयर रस्त्यावरची जागा मिळाली. मलय भाषेत ‘आयर’ म्हणजे पाणी. पण देवाच्या पूजेला लागणारं गोडं पाणी नेमकं तिथेच नव्हतं. मग 1821 मध्ये रेसिडेंट, म्हणजे वसाहतीचा कारभारी, विल्यम फार्क्वारनं स्टॅमफर्ड कालव्याजवळची जागा वापरायला परवानगी दिली. ती मिळते न मिळते तोच 1822 चा नगररचनेचा आराखडा आला आणि त्यात ती जमीन दुसऱ्याच कामासाठी राखली गेली. शेवटी 1823 मध्ये साउथ ब्रिज रोडची जागा ठरली. आराखड्यात भारतीयांसाठी आखलेली चुलियांची वस्ती इथून जवळच होती. म्हणजे देऊळ जिथे असायला हवं तिथेच होतं. पुढे बदलला तो शेजार.

1827 मध्ये उभं राहिलं ते लाकडाचं, झावळ्यांनी शाकारलेलं साधं देऊळ. पिल्लेनं त्यात ‘सिन्न अम्मन’ची, म्हणजे धाकट्या आईची, लहानशी मूर्ती बसवली. गाभाऱ्यातली आजची देवी तीच, असं मानतात. देवी निवडली मारीअम्मन, यात नवल नाही. ती देवीचा रोग आणि पटकी यांपासून राखणारी आई, आणि दाटीवाटीच्या बंदरात आलेल्या मजुराला सर्वांत मोठी धास्ती याच रोगांची होती. आपल्याकडच्या गावकुसाजवळची मरीआई आठवा, म्हणजे नातं ध्यानात येईल. नुसत्या नावाच्या साम्यावर मी भर देणार नाही, कारण तमिळमध्ये ‘मारी’ म्हणजे पाऊससुद्धा. पण तमिळ लोककथा मारीअम्मनला रेणुकेशी जोडते: परशुरामानं उडवलेलं आईचं शिर आणि ते परत बसवताना दुसऱ्या बाईच्या धडाशी झालेली अदलाबदल. माहूरच्या रेणुकेला आणि मातंगीला ओळखणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

विटांचं बांधकाम 1843 मध्ये झालं, आणि आज दिसतो त्यातला बराच भाग 1862-63 चा आहे. त्या काळात कंपनी सरकारनं आणि पुढे ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातून हजारो कैदी इथे आणले होते. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच मजुरीवर उभं राहिलं. मद्रास इलाख्यातल्या अशाच कसबी माजी कैद्यांचा हात या देवळालाही लागला असावा, असा समज आहे. स्थापनेची पाटी वाचताना पिल्लेचं नाव दिसतं, या हातांची नावं दिसत नाहीत.

पहिलं गोपुर 1903 चं, सडपातळ आणि पायऱ्यापायऱ्यांचं. सध्याचं सहा मजली गोपुर 1925 चं असून त्यावरचं मूर्तिकाम नंतरच्या डागडुजीत आणखी वाढलं. त्या गर्दीत खाकी गणवेशातले शिपाईही सापडतात. मान वर करून ते जरूर शोधा. दारापासून गाभाऱ्याकडे जाणारा शाकारलेला मंडप 1910 मध्ये जळाला, आणि त्याच्या जागी आलेला पक्का मंडप आखला स्वॉन अँड मॅक्लॅरेन या गोऱ्या वास्तुरचनाकारांच्या कंपनीनं.

देऊळ त्या काळी पूजेपुरतं नव्हतं. बोटीतून उतरलेल्या, कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला काम आणि खोली मिळेपर्यंत इथे आसरा मिळे. हिंदू लग्नं लावण्याचा अधिकारही एके काळी फक्त याच देवळाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं हिंदू-मुस्लिम धर्मादाय संस्थांसाठी मंडळ नेमलं आणि देवळाचा कारभार त्याच्याकडे गेला. आता तो हिंदू एंडाउमेंट्स बोर्ड पाहतं. 1973 मध्ये सिंगापूरनं पहिली आठ राष्ट्रीय स्मारकं जाहीर केली, त्यांत हे देऊळ होतं.

दरम्यान वस्ती हलली. चिनी वस्ती फुगत गेली आणि नदीकाठची तमिळ पेढीवाल्यांची, होडीवाल्यांची गजबज ओसरली. भारतीयांचा केंद्रबिंदू गुरांचा व्यापार आणि वीटभट्ट्या असलेल्या सेरंगून रोडकडे सरकला, तोच आजचा लिटल इंडिया. देवी मात्र जागची हलली नाही. आज चिनी शेजारीही तिच्यासमोर हात जोडून जातात.

आवारात द्रौपदीचं स्वतंत्र देऊळ आहे आणि मानात ते मारीअम्मनच्या खालोखाल. तिच्यासाठी इथे 1840 पासून ‘तीमिदी’ होते, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणं. गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जातात, तो प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना अंदाज येईल. दिवाळीच्या सुमारे आठवडाभर आधी भाविक सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळात जमतात. तिथून ते लिटल इंडियातून निघतात आणि सुमारे चार किलोमीटर अनवाणी चालत साउथ ब्रिज रोडला, जुन्या वस्तीतल्या आपल्या देवळात पोचतात.