आजोबा रेल्वेत गँगमन (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले कामगार) होते : त्यांची नोंद कुठे आणि कशी मागायची

नुसतं "आजोबा रेल्वेत होते" एवढ्यावर अर्ज केला, तर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असंच उत्तर येण्याची शक्यता जास्त. फक्त नावावरून जुनी फाईल काढणं कठीण असतं. विभाग, शेवटचं युनिट, पीएफ नंबर आणि निवृत्तीचं साल हाताशी लागतं. म्हणून अर्जाआधी घरची पेटी उघडा. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पीएफची स्लिप, जुना पास, रेल्वे दवाखान्याचं कार्ड, क्वार्टरच्या भाड्याची पावती, यातलं काहीही चालेल. रेल्वेत पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९५७ ला आली. त्याआधी निवृत्त झालेल्यांना पीएफचे पैसे मिळत, त्यामुळे त्यांचा पीपीओ शोधण्यात वेळ घालवू नका.

घरात काहीच नसेल तर वडील-काकांच्या शाळेत जा. जनरल रजिस्टरमध्ये पालकाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असेल, तर त्या वर्षी कुटुंब कोणत्या स्टेशनाजवळ होतं ते कळतं.

पुढचा प्रश्न : आज ते रेकॉर्ड कोणाच्या ताब्यात? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मोठा भाग ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत आला, बीबी अँड सीआयचा (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) पश्चिम रेल्वेत. पुणे–मिरज–कोल्हापूर पट्टा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होता. १९५१ नंतर दक्षिण रेल्वे, १९६६ नंतर दक्षिण मध्य रेल्वे आणि आता मध्य रेल्वेचा पुणे विभाग. मराठवाड्यातली निजामाची मनमाड–परभणी लाइन आज नांदेड विभागात आहे. बदली झाली की सर्व्हिस रेकॉर्डही माणसामागे नव्या विभागात जातं, म्हणून अर्ज निवृत्तीच्या वेळच्या विभागाकडे करायचा, पहिल्या नेमणुकीच्या नव्हे.

मागायचा कागद म्हणजे सर्व्हिस शीट. ती डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसच्या पर्सोनेल म्हणजे कर्मचारी शाखेत असते. पीएफ आणि पेन्शनचा हिशेब अकाउंट्सकडे. पहिल्या पानावर नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, जन्मतारीख, अंगावरची खूण, अंगठा आणि बऱ्याच जुन्या शीटवर जातही असते. जातीच्या दाखल्यासाठी शोध असेल तर हे पान फार मोलाचं. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा लागतो. पण लोक इथेच चुकतात : पहिलंच पान मागतात. आजोबा कुठे राबले हे आतल्या पानांवर असतं. हुद्दा, पगार, तारीख आणि कोणत्या पीडब्ल्यूआयच्या (रुळांचा इन्स्पेक्टर, परमनंट वे इन्स्पेक्टर) हाताखाली. अर्जात "सर्व पानांची प्रत" असंच लिहा.

अर्ज माहिती अधिकारात करा. आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर रेल्वेचा विभाग निवडा, नाहीतर पोस्टाने पाठवा, मराठीतही चालतो. फी १० रुपये (दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास माफ), प्रत पानाला २ रुपये. अर्जदार भारतीय नागरिक हवा. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या नातवंडांनी इथल्या भावंडाच्या नावाने अर्ज करावा. कारण सांगण्याची सक्ती नाही, तरी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडला की काम सोपं होतं. "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा : वीस वर्षांपूर्वीच्या घटनांबाबत ती आडकाठी लागू होत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज भलत्या कार्यालयात गेला असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो.

नावाची गंमत नाही, खरी अडचण आहे. गँगमनच्या रेकॉर्डवर आडनाव अनेकदा नसतंच; नुसतं "धोंडू बाळू". तेही साहेबाच्या कारकुनाने इंग्रजीत कानावर पडेल तसं लिहिलेलं. अर्जात धोंडू, धोंडी, धोंडिबा असे सगळे पर्याय, वडिलांचं नाव आणि मूळ गाव द्या.

रोजंदारीवर मस्टरवरच राबलेल्यांची सर्व्हिस शीट नसते. टेंपररी स्टेटस (तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा दर्जा) मिळाल्यावरच रेकॉर्ड सुरू होतं. मस्टर मुदत संपली की नियमाने नष्ट होतात. अशा वेळी शाळेची नोंद हाच आधार. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या रेल्वे नोंदी मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या आहेत, तिथे गँगमन शोधायला जाऊ नका.

शीट हाती आली की पीडब्ल्यूआयचं मुख्यालय पाहा. गँग नंबर पुढे बदललेले असू शकतात, मुख्यालयाचं गाव जास्त भरवशाचं. जुन्या कागदांत अंतर मैलांत असतं, त्याला १.६ ने गुणा. मुंबईपासून मोजलेला ७५ वा मैल म्हणजे साधारण १२१ किलोमीटर : कसारा. पीडब्ल्यूआयच्या जागी आज एसएसई पी-वे (रुळांचे सीनियर सेक्शन इंजिनियर) बसतात. गावात जुने मुकादम, कीमन (रूळ तपासत फिरणारे) हयात असतील तर गँगची हद्द कुठून कुठवर होती ते तेच बोट दाखवून सांगतील.