व्हिटॅमिन आणि नैसर्गिक सप्लिमेंटचे पुरावे

व्हिटॅमिनच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, अश्वगंधा, गुळवेल असं जे जे मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं त्या सगळ्याला सरसकट सप्लिमेंट म्हणतात, आणि ते खरंच काम करतं का हे कसं तपासतात त्याची ही नोंद. मुख्य घोळ असा की "व्हिटॅमिन डी चांगलं का?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. कोणाला, किती डोस, आधी कमतरता होती का, आणि कशाच्या तुलनेत, एवढं विचारलं की उत्तर यायला लागतं.

तुलना करून बघायची पद्धत जुनी आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या सर्जननं स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार, झालेले १२ खलाशी घेतले, दोघादोघांच्या ६ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यात लवकर बरी झाली. तरी नौदलात सरसकट लिंबाचा रस सुरू व्हायला १७९५ उजाडलं! पण त्या खलाशांच्या अंगातलं व्हिटॅमिन सी जवळपास संपलेलंच होतं. कमतरता असलेल्याला तीच गोष्ट दिली की चमत्कार दिसणारच, ज्याला आधीच पुरेसं मिळतंय त्याला वरून अजून दिलं तर काय होतं हा वेगळा प्रश्न, आणि सप्लिमेंटचा धंदा बराचसा या दोन प्रश्नांची सरमिसळ करूनच चालतो.

या दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बीटा कॅरोटीन, गाजराला रंग देणारा घटक. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसत होतं, मग लोकांना वाटलं की गोळीच देऊ. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ सिगारेट ओढणारे पुरुष घेतले, कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर ठरवलं, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. ५ ते ८ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, कमी नाही, जास्त. योगायोग असेल असं म्हणावं तर अमेरिकेत सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर तसाच प्रयोग चालू होता, तिथे बीटा कॅरोटीनच्या जोडीला व्हिटॅमिन ए होतं. तिथे कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसले, म्हणून १९९६ च्या जानेवारीत ठरल्यापेक्षा २१ महिने आधी गोळ्या बंद केल्या.

मग आधीच्या पाहण्या खोट्या होत्या का? आकडे खरेच होते, अर्थ चुकला. जो माणूस रोज भाजी-कोशिंबीर खातो तो बहुतेक वेळा सिगारेट कमी ओढतो, चालायला जातो, पैसे बरे कमावतो, तब्येत दाखवायला वेळेवर जातो, त्यामुळे फायदा नेमका गाजराचा की बाकी सगळ्याचा हे नुसतं बघून कळत नाही. नशिबावर गट पाडले की या बाकीच्या गोष्टी दोन्हीकडे साधारण सारख्या वाटल्या जातात, म्हणून त्या प्रयोगाचं वजन जास्त. "अमुक खाणाऱ्यांमध्ये तमुक आजार कमी" अशी बातमी दिसली की आधी हेच बघायचं, लोकांना वाटून दिलं होतं की ते आपणहून खात होते.

"मला तर फरक पडला" याचंही तसंच. गुडघेदुखीवर ग्लुकोसामाइन देऊन अमेरिकेत १,५८३ लोकांवर चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला, त्यात प्लासिबोवाल्यांपैकीसुद्धा साधारण ६० टक्के लोकांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं होतं. दुखणं आपोआप कमी-जास्त होतंच आणि आपण गोळी नेमकी ते वाढलेलं असतानाच सुरू करतो, त्यामुळे शेजारच्या काकूंचा अनुभव खोटा नसतो पण त्यातून गोळीबद्दल काही ठरत नाही.

व्हिटॅमिन सी आणि सर्दीचं प्रकरण लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९७० मध्ये पुस्तक लिहून गाजवलं. दोन नोबेल मिळालेला माणूस, त्यामुळे लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. नंतरच्या चाचण्या एकत्र केल्यावर दिसलं ते एवढंच की रोज घेतलं तरी सर्वसाधारण लोकांना सर्दी व्हायची तेवढी होतेच, फक्त मोठ्यांमध्ये ती साधारण ८ टक्के लवकर बरी होते.

आता जिथे पुरावा भक्कम आहे ते. आधीच्या गरोदरपणात बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत दोष आलेल्या बायकांवर ७ देशांत चाचणी झाली, १९९१ मध्ये निकाल आला, फॉलिक अॅसिडमुळे तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. यावर आता कोणी वाद घालत नाही. आणि आपल्याकडचं म्हणजे व्हिटॅमिन बी१२. वनस्पतींमध्ये ते जवळपास नसतंच. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं तर ६७ टक्क्यांमध्ये बी१२ कमी निघालं. वर डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर ते अजून उतरतं. अशा माणसाला "सप्लिमेंट म्हणजे सगळं थोतांड" असं सांगणं हेही तितकंच चूक.

व्हिटॅमिन डीचं प्रकरण या दोन्ही टोकांच्या अधेमधे कुठेतरी आहे. अमेरिकेत २५,८७१ लोकांना ५ वर्षांहून जास्त काळ रोज २,००० युनिट किंवा प्लासिबो दिलं, कॅन्सर, हार्ट अटॅक, फ्रॅक्चर, काहीच कमी झालं नाही. पण त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळातच ठीक होती, म्हणून हा निकाल खूप कमी पातळी असलेल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. उलट बाजूला आपल्याकडे ६०,००० युनिटचं जे पाकीट मिळतं ते आठवड्यातून एकदा, तेही ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. ते कोणी रोज घेतलं किंवा महिनोन्महिने चालूच ठेवलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास इथपर्यंत जातं.

"नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य पुराव्यात बसत नाही. हळदीतलं कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर शरीरात फारच थोडं शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात, आणि मग स्वयंपाकातल्या हळदीचा हजारो वर्षांचा अनुभव त्या कॅप्सूलला लागू होतो असं मानायचं कारण उरत नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस लागोपाठ आल्या होत्या. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या ६ पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की ती वनस्पती गुळवेलच होती का हे तपासलेलं नाही, पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ पेशंटची माहिती आली. अशा केसेसवरून धोका असू शकतो एवढं कळतं, पण किती लोकांनी काढा प्यायला हा आकडाच नसल्यामुळे धोका नेमका किती हे त्यातून काढता येत नाही.

केसांसाठी म्हणून घेतात ते बायोटिन. कमतरता नसेल तर केसांना फायदा होतो याचा पुरावा फार तोकडा आहे, पण मोठ्या डोसमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात हे मात्र पक्कं आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१७ मध्ये तसा इशारा दिला, हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्ट त्यामुळे खोटी कमी येऊ शकते. त्यामुळे थायरॉइडची किंवा हार्टची टेस्ट असेल तर सॅम्पल द्यायच्या आधीच डॉक्टरला आणि लॅबवाल्याला बायोटिन चालू असल्याचं सांगावं लागतं, फॉर्मवर तो रकाना असेलच असं नाही.