माणूस चित्रित करायचा, पण त्याचा आवाज? मानववंशशास्त्रीय माहितीपटांची पार्श्वभूमी

1898 मध्ये केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ ए. सी. हॅडन ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर तिथल्या लोकांचं जगणं टिपायला कॅमेरा घेऊन गेले. त्यातलं जेमतेम चार मिनिटांचं चित्रण उरलं आहे. पुढच्याच वर्षी आपल्याकडचे सुरुवातीचे चित्रकार सावे दादा (हरिश्चंद्र भाटवडेकर) यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली. दोन्ही मुकेच. कॅनडाच्या उत्तरेतल्या इन्युइट लोकांवरच्या 1922 च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’साठी रॉबर्ट फ्लॅहर्टींनी उजेड मिळावा म्हणून बर्फाचं घर एका बाजूने उघडं ठेवलं. त्यावर अजून वाद होतो. पण त्यांनी फिल्म तिथेच धुऊन इन्युइट मंडळींना दाखवलीही होती आणि आमच्या मते ती गोष्ट जास्त मोलाची.

ज्यांचं चित्रण त्यांनाच दाखवायचं, हा धागा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शक ज्याँ रूश यांनी पुढे नेला. चावीच्या 16 मिमी कॅमेऱ्यावर त्यांना एका वेळी 25 सेकंदांच्या आसपासच शॉट मिळे, आवाज वेगळा जोडावा लागे. नायजरमधल्या पाणघोड्यांच्या शिकारीवरची फिल्म त्यांनी शिकाऱ्यांनाच दाखवली, तेव्हा शिकाऱ्यांनी पार्श्वसंगीतावर हरकत घेतली: शिकारीत एवढा आवाज झाला तर जनावर पळून जाईल. रूश यांनी संगीत काढलं. 1960 च्या सुमारास हलका कॅमेरा आणि त्याच्याशी जुळून चालणारा टेपरेकॉर्डर आला आणि माणसं पडद्यावर स्वतःच्या तोंडाने बोलू लागली.

महोत्सव त्यानंतरचे: न्यूयॉर्कचा मार्गारेट मीड महोत्सव 1977, पॅरिसचा ‘सिनेमा द्यु रेएल’ 1978, गॉटिंगेनचा 1993. आपल्याकडे सरकारी माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन 1948 मध्ये सुरू झालं, मुंबईचा माहितीपट महोत्सव 1990 मध्ये.

सोलापुरात विद्यार्थ्यांचा असा महोत्सव भरवायचा, तर खरी परीक्षा आवाजाचीच. यंत्रमागाच्या शेडमध्ये कॉलर माइकवरही बोलणं धोट्याच्या खडखडाटात बुडतं. ऑटो लेव्हल (रेकॉर्डिंगची पातळी यंत्रानेच ठरवणं) चालू असेल तर माग थांबताच आवाज आपोआप वर चढतो आणि ही चढउतार एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही. लेव्हल हाताने ठेवा, सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास. मुलाखत जेवणाच्या सुट्टीत बाहेर घ्या, मागाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, सलग एक मिनिट. शेडमधल्या ट्यूबलाइटचे पट्टे पडद्यावर सरकतात, कारण फोन बहुधा सेकंदाला 30 फ्रेमवर असतो आणि आपली वीज 50 हर्ट्झची. 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवलं की ते जातात.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर पार्श्वसंगीत लावूच नये. नंदीध्वजांची (उंच, जड काठ्यांची) मिरवणूक निघते तेव्हा ‘बोला हर्र’चा गजर हाच त्या चित्रणाचा कणा, त्यावर तयार बासरी चढवली की काठी पेलणाऱ्यांचा श्वासही ऐकू येत नाही.

भाषेचा प्रश्न सोलापुरात फार खोल आहे. पूर्व भागातल्या विणकराच्या घरी तेलुगू, दुसऱ्या घरी कन्नड, तिसऱ्या घरी उर्दू. तेलुगूचं मराठी आणि त्या मराठीचं इंग्रजी असं केलं, की मागाच्या भागांची नावं, नात्यांचे शब्द, टोमणे सगळं गळतं. बोलणं आधी मूळ भाषेत शब्दशः उतरवा, शेजारी वेळ लिहा, आणि ती भाषा घरात बोलणाऱ्याकडूनच थेट उपशीर्षकं करून घ्या: दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं.

विडी कामगार बायकांची संमती त्यांच्याच भाषेत कॅमेऱ्यावर घ्यावी. कच्चा कट (पहिली कापणी-जुळणी) गल्लीत दाखवायचा तोही एडिट पक्कं होण्याआधी, म्हणजे मजुरी किंवा कारखान्याचं नाव काढा असं कुणी सांगितलं तर ते काढता येतं. तिथे उपशीर्षकांवर भिस्त ठेवू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी एकाने शेजारी उभं राहून सांगावं.